लेपर्ड गेको खात नाही, शी अडलीय, शेपूट बारीक होतंय: तपासणी कुठून सुरू करायची

लेपर्ड गेको (अंगावर ठिपके असलेली, किडे खाणारी पाल) पाळणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे ‘खातच नाहीये’. ती माझ्यापर्यंत येते तोवर घरात दोन-तीन नव्या जातींचे किडे येऊन गेलेले असतात, किड्यांना लावायची एखादी महागडी कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पावडर उघडलेली असते आणि गेको हाइडमध्ये, म्हणजे टाकीतल्या लपायच्या जागेत, तोंड लपवून बसलेला असतो. हाच बिघाड वेगवेगळ्या टाक्यांमध्ये पुन्हा पुन्हा निस्तरल्यावर माझं मत पक्कं झालंय: तक्रार खाण्याची असली तरी आधी खाण्याला हात लावायचा नाही. दोष बहुतेक वेळा उबेत सापडतो, त्याखालोखाल पावडरीत. किड्यांचा नंबर त्यानंतर लागतो.

लक्षणं

‘खात नाही’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या करायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळी उजेड मंद झाल्यावर एक किडा समोर सोडा आणि नुसतं बघा. किड्याकडे ढुंकूनही पाहत नसेल तर भूकच नाही. मान वळवतो, शेपटीचं टोक थरथरवतो, झेपही घेतो, पण नेम चुकतो, तर डोळे बघा. पापणीखाली कातेचा तुकडा अडकलेला असेल किंवा डोळा सुजलेला असेल. किडा पकडतो, एक-दोनदा चावतो आणि टाकून देतो, तर तोंडात किंवा जबड्यात दुखणं आहे. शेवटच्या दोन प्रकारांत पोटाचा काही संबंध नसतो, त्यामुळे पोटावर उपाय करण्यात दिवस घालवू नका.

याच्या जोडीला दिसणारी बाकीची लक्षणं अशी:

- खाणं चालू असूनही आठवडाभर शी नाही
- शी पातळ, घाण वासाची, चिकट किंवा रक्ताची छटा असलेली
- शीतला पांढरा भाग पिवळा-नारिंगी आणि कडक
- खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी अख्खाच्या अख्खा बाहेर
- शेपूट बारीक, कमरेची हाडं वर आलेली
- पोट फुगलेलं, किंवा पोटाच्या कातडीखाली गडद निळसर सावली

आणि पुढची यादी वेगळी आहे. यातलं काहीही दिसलं तर घरची तपासणी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जा: शेपटीच्या मुळाशी लाल-गुलाबी मांस बाहेर आलेलं, मागचे पाय ओढत चालणं, बोटं किंवा अंग थरथरणं, जबडा मऊ किंवा वाकडा, कुंथतोय पण काही बाहेर पडत नाही, तोंड उघडं ठेवून श्वास. बाहेर आलेलं मांस घरी आत ढकलायचं नाही. स्वच्छ पाण्याने ओला केलेला टिश्यू त्यावर ठेवून ते सुकू न देता न्यायचं. सुकलं की तो भाग मरायला लागतो.

आधी कॅलेंडर, मग वजनकाटा

खात नाही म्हणजे आजारीच आहे असं नसतं. कात टाकायच्या आधी एक-दोन दिवस अंगाचा रंग धुरकट पडतो आणि बरेच गेको तोंड बंद करतात. कात उतरली की तीच खाऊन टाकतात आणि मग नेहमीसारखे जेवतात. प्रौढ नर विणीच्या हंगामात आठवडेच्या आठवडे खाण्याकडे पाठ फिरवतो. मादी अंडी धरायच्या काळात तसंच करते, नर कधी जवळ आलेला नसला तरीही. दिवस लहान झाले की टाकीत ऊब असूनही भूक मंदावते. नव्या घरी आलेल्याला आठवडा-दोन आठवडे न छेडता राहू द्यावं लागतं. या काळात त्याला रोज हातात घेणं हेच उपाशी राहण्याचं कारण ठरतं.

या नैसर्गिक उपवासांत आणि आजारात फरक करतं ते वजन. रोज बघणाऱ्या डोळ्याला हळूहळू बारीक होणारं शेपूट कळत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. झाकणाचा डबा ठेवून शून्य करा, गेको आत सोडा, आकडा लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, खायला देण्याआधी. पिल्लासाठी मात्र दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा, कारण अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू तीन ग्रॅमच्या आसपासच असतं.

बहुतेक प्रौढ ४५ ते ८० ग्रॅममध्ये असतात, पण दुसऱ्याच्या गेकोचा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमच्याच गेकोचा गेल्या महिन्याचा आकडा धरा. ६० ग्रॅमचा गेको तीन आठवडे खात नाही आणि ५९ वर आहे, तर त्याला सुखाने बसू द्या. चरबीचा साठा शेपटीत असतो आणि तो अशा दिवसांसाठीच असतो. तोच ५४ वर आला, म्हणजे दहा टक्के उतरला, तर घरच्या प्रयोगांची मुदत संपली. पिल्लाला ही सवलत नाही. त्याचा साठा नगण्य असतो. आठवडाभर खाल्लं नाही किंवा वजन वाढायचं थांबलं तरी ते धोक्याचं आहे.

ऊब

इथे वेळ घालवा, कारण बहुतेक टाक्यांमधली गोम इथेच सापडते.

गेको अंगात स्वतःची उष्णता तयार करत नाही. पोटातले पाचक रस आणि आतड्याची हालचाल, दोन्ही बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतात. ऊब कमी पडली की गिळलेला किडा पोटात तसाच राहतो आणि कुजायला लागतो. मग गेको एकतर तो ओकून टाकतो किंवा पुढचा किडा घ्यायलाच नकार देतो. अशा वेळी भूक नसणं हा बिघाडच नाही. पचवता येत नाही म्हणून शरीरच आत काही घेत नसतं.

ऊबदार बाजूच्या हाइडमध्ये, जिथे पोट टेकतं त्या जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस हवं. वरून दिवा असेल तर त्याखालचा दगड ३४-३५ पर्यंत चालतो. थंड बाजू २३ ते २६. निरोगी गेकोला रात्री हवा २०-२१ पर्यंत उतरली तरी काही होत नाही. तक्रार चालू असताना मात्र ऊबदार हाइड रात्रभर चालू ठेवा. तो संध्याकाळी खातो आणि त्याचं पचन रात्रीच चाललेलं असतं.

काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या तापमापकावर विश्वास ठेवू नका. तो काचेचं नाहीतर हवेचं तापमान सांगतो, आणि गेको काचेवर झोपत नाही. वायरचं टोक असलेला डिजिटल तापमापक घ्या, टोक हाइडच्या आत जमिनीला टेकवा, तासभर थांबा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री उशिरा, असं दोनदा मोजा. जमेल तर इन्फ्रारेड गन, म्हणजे लांबूनच पृष्ठभागाचं तापमान मोजणारा तापमापक, घ्या. तिने सगळी जमीन दोन मिनिटांत तपासून होते.

मला पुन्हा पुन्हा सापडणारे दोष असे. थर्मोस्टॅटचं (ऊब ठरावीक आकड्यावर राखणाऱ्या यंत्राचं) सेन्सर तळाच्या गरम होणाऱ्या मॅटवरून घसरून बाजूला गेलेलं असतं. मॅटवर मातीचा किंवा भुश्याचा इतका जाड थर असतो की ऊब वर पोचतच नाही. जुन्या मॅटची अर्धी बाजू मेलेली असते आणि नेमकं त्याच बाजूला हाइड असतं. थर्मोस्टॅटवर ३२ लावलंय म्हणून जमीन ३२ आहे असं धरलेलं असतं आणि मोजल्यावर ती २७ निघते. थर्मोस्टॅटचा आकडा सेन्सरच्या जागेचा असतो. जमीन मोजून तो आकडा वर-खाली करावा लागतो.

दोन दोष पटकन लक्षात येत नाहीत. पहिला: थर्मोस्टॅट नसलेली मॅट. ती सहज ४० च्या वर जाते, गेको भाजतो किंवा त्या बाजूला फिरकतच नाही आणि दिवसभर थंड कोपऱ्यात बसतो. म्हणजे टाकी जास्त गरम आणि गेकोचं पोट थंड. पोटाच्या कातडीवर तपकिरी किंवा लाल चट्टे आहेत का ते बघा. दुसरा: लपायला एकच हाइड आणि तेही थंड बाजूला. उबेपेक्षा आडोसा महत्त्वाचा वाटतो म्हणून तो थंडीतच राहतो. दोन्ही बाजूंना एकेक हाइड ठेवणं हा या यादीतला सगळ्यात स्वस्त उपाय असेल.

ऊब दुरुस्त केल्यावर त्याच संध्याकाळी किडे टाकू नका. तीन-चार दिवस आतडं चालू व्हायला द्या, मग नेहमीपेक्षा लहान दोन किडे देऊन बघा. पुष्कळदा गोष्ट इथेच मिटते.

पाणी

उथळ वाटी, रोज बदललेलं पाणी. त्याशिवाय एक ओलसर हाइड, म्हणजे आत ओलं मॉस किंवा ओला टिश्यू घातलेला बंद डबा. बाकीची टाकी कोरडी, ३० ते ४० टक्के आर्द्रतेची चालते. हा मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातला प्राणी आहे. पण तिथेही तो दिवसभर भेगांमध्ये आणि दगडांखाली असतो, जिथे ओल टिकून राहते. सगळी टाकीच सुकी ठेवली की शरीर आतड्यातून पाणी ओढून घेतं आणि शी कडक होते. डोळे खोल गेलेले, कातडी हलकेच चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहणारी, शीतला पांढरा भाग पिवळा: हे पाणी कमी असल्याचं समजा.

शी बघायची

हे टाळू नका. लेपर्ड गेको सहसा एकच कोपरा धरतो, त्यामुळे तिथे टिश्यू अंथरला की काम सोपं होतं. ताजी शी पांढऱ्या टिश्यूवर घ्या आणि टूथपिकने मोडून बघा. चांगल्या शीत दोन भाग दिसतात: गडद तपकिरी, आकार धरून असलेला, आणि त्याला लागून पांढरा घट्ट भाग, म्हणजे युरेट, गेकोची घट्ट झालेली लघवी. तपकिरी भागात किड्याच्या तंगड्या, डोक्याची टरफलं, पंखांचे तुकडे दिसतील. ते चालतं, किड्याचं कवच पुरतं पचतच नाही.

जे चालत नाही ते म्हणजे आत मांस शाबूत असलेला अख्खा किडा. आणि इथे ओकारी की शी हे आधी ठरवा. ओकारीत युरेट नसतं, किड्याचा आकार ओळखू येतो, वर चिकट पाणी असतं. एखादी ओकारी मोठ्या किड्याने किंवा थंड टाकीने होते. ऊब बरोबर असूनही पुन्हा पुन्हा होत असेल तर ती आजाराची आहे, आणि तिथे पुढच्या घरगुती पायऱ्या सोडून थेट शीच्या तपासणीकडे जा.

एक साधा हिशोब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दहा दिवस काही खाल्लेलं नाही आणि दहा दिवस शी नाही, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. पोटात जाणारच काही नाही तर बाहेर काय येणार? शी अडली असं शेवटच्या जेवणापासून मोजून म्हणायचं. ऊब नीट असेल तर खाल्ल्यावर दोन-चार दिवसांत शी व्हायला हवी.

अंथरूण आणि गुदद्वार

शीत वाळूचे कण दिसले तर अंथरूण त्याच दिवशी काढा. माती-वाळूचं घट्ट दाबलेलं मिश्रण निरोगी प्रौढ गेकोखाली चालतं की नाही यावर पाळणारे वर्षानुवर्षं वाद घालतायत, आणि मी त्यात पडत नाही. पण तक्रार चालू असलेल्या टाकीत आणि पिल्लाच्या टाकीत साधा टिश्यू पेपरच हवा. कण पोटात जात नाहीत आणि प्रत्येक शी समोर दिसते. मोकळी वाळू, ‘कॅल्शियमची वाळू’ आणि दळलेली अक्रोडाची टरफलं मी कुणालाच सुचवत नाही. गेको मुद्दाम वाळू चाटताना दिसला तर तो शरीरात कॅल्शियम कमी असल्याचा इशारा असू शकतो, तेव्हा खाली पावडरीचं नीट वाचा.

गेको हातात असताना गुदद्वार बघून घ्या. कातेची रिंग, सुकलेलं युरेट किंवा नरामध्ये शेपटीच्या मुळाशी मेणासारखा कडक तुकडा अडकलेला असतो. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून ठेवा. सुटला तर सुटला. ओढायचं नाही.

किडे

आता खाण्याकडे. किड्याची जाडी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. लहान पिल्लाला रोज, वाढत्याला दिवसाआड, प्रौढाला दोन-तीन दिवसांनी पाच-सात किडे. प्रौढाला रोज पोटभर खायला घालणारेच पुढे ‘आता खात नाही’ म्हणतात. त्यांचा गेको आजारी नसतो, लठ्ठ असतो: शेपूट मानेपेक्षा कितीतरी जाड, काखेत चरबीच्या गाठी. त्याला आठवडाभर काहीच न देणं हाच इलाज.

मेणकिडे, म्हणजे वॅक्सवर्म, वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा चरबी असतात. आजारातून उठलेल्याला एखाद-दुसरा द्यावा. एरवी त्याची चटक लागते आणि मग रातकिड्याकडे बघणंही बंद होतं. रोजच्यासाठी रातकिडे, डुबिया झुरळं, रेशीमकिडे, ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या अशी अदलाबदल ठेवा. मीलवर्मने (बाजारात मिळणाऱ्या पिवळसर, कडक कवचाच्या अळ्यांनी) आतडं तुंबतं असं ऐकवलं जातं. ऊब नीट असताना मी तसं पाहिलेलं नाही. पण फक्त मीलवर्मवर ठेवलेल्या गेकोचा कॅल्शियमचा हिशोब जमवणं कठीण जातं. भाज्या-फळं गेकोला देऊ नका, तो ती खात नाही. ती किड्यांना द्या. गेकोच्या जेवणाआधी २४ ते ४८ तास किड्यांना गाजर, हिरवा पाला आणि कॅल्शियम घातलेलं तयार खाद्य द्यायचं. उपाशी किडा म्हणजे नुसतं कवच आणि पाणी. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं.

बागेतले किडे पकडून घालू नका. त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं आणि पोटात जंत. काजवा तर चुकूनही नाही, त्याचं विष सरड्यांच्या हृदयाला घातक असतं. आणि न खाल्लेले रातकिडे रात्रभर टाकीत सोडू नका. अशक्त गेकोला ते कुरतडतात, आणि एकदा चावा बसला की तो किड्यांनाच घाबरतो.

पावडर

पावडर हाडांसाठी असते, पोटाशी तिचा काय संबंध, असं विचारलं जातं. संबंध थेट आहे. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं आणि आतडं हाही स्नायूच आहे. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की आतड्याची हालचाल मंदावते. पाय वाकडे व्हायच्या किंवा जबडा मऊ पडायच्या कितीतरी आधी गेको सुस्त होतो, कमी खातो, शी अडते.

खरं म्हणजे किड्यातलं फॉस्फरस हे इथलं दुखणं आहे. शरीराला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं, शक्यतो दीड-दोन पट हवं असतं. रातकिड्यात उलटं असतं, कॅल्शियमच्या साधारण सातपट फॉस्फरस. मीलवर्ममध्ये पंधरापटीच्याही वर. नेहमीच्या किड्यांमध्ये ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीतच कॅल्शियम जास्त भरतं. ही उणीव पावडरीने भरून काढायची.

पावडरी तीन असतात आणि घोटाळा त्यांच्या मिसळण्यातून होतो. साधं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी-३ घातलेलं कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन. साधं कॅल्शियम जवळजवळ प्रत्येक जेवणाला चालतं. छोट्या झाकणात टाकीतही ठेवता येतं, हवं तेव्हा चाटतो. डी-३ चं तसं नाही. ते नसेल तर आतडं कॅल्शियम शोषत नाही, आणि जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं. म्हणून डी-३ असलेली पावडर वाटीत कधीच ठेवायची नाही. टाकीवर यूव्हीबी दिवा (अंगात डी-३ तयार व्हायला लागणारे अतिनील किरण देणारा) नसेल तर आठवड्यातून एक-दोनदा डी-३ वालं कॅल्शियम. दिवा असेल तर महिन्यातून दोनदा पुरे. मल्टिव्हिटॅमिन आठ-दहा दिवसांतून एकदा. लेबल वाचा: बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी-३ आधीच असतं, आणि दोन डब्यांतून दुप्पट मात्रा जातेय हे मालकाला माहीतच नसतं. व्हिटॅमिन ए कमी पडलं तर डोळे सुजतात आणि पापणीत कात अडकते, जास्त झालं तर तेही विषारी. तेव्हा लेबलवरच्या मात्रेच्या बाहेर जाऊ नका.

डबा कधी उघडला ती तारीख झाकणावर लिहा. उघडलेल्या डब्यातली जीवनसत्त्वं हवेने आणि उष्णतेने मरतात. सहा महिन्यांनी मी तो टाकून देतो, अर्धा भरलेला असला तरी. पावडर लावायची पद्धतही तपासा. कपात चिमूटभर पावडर, त्यात किडे, हलकेच फिरवायचं, लगेच द्यायचं. रातकिडा स्वतःचं अंग साफ करत बसतो आणि थोड्याच वेळात पावडर गेलेली असते. उलट किडा पांढराफटक होईपर्यंत घोळवला तर गेको चव घेऊन सोडून देतो. ‘आजकाल किडे चाटून सोडतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच निघतं.

यूव्हीबी दिवा काचेच्या झाकणावर ठेवला असेल तर त्याचा काही उपयोग नाही. काच ते किरण अडवते. जाळीवर किंवा टाकीच्या आत ठेवा. दिवा उजेड देत राहतो पण त्याचं यूव्हीबी आधीच संपतं, म्हणून साधारण वर्षाने बदला.

कोमट पाणी, आणि एवढंच

ऊब बरोबर आहे, खाल्लेलं आहे, पाच-सात दिवस शी नाही, पण गेको चालता-बोलता आहे, अशा वेळी उथळ कोमट पाणी द्या. पाणी ३० अंशांच्या आसपास, पोट बुडेल एवढंच, हनुवटी पाण्याबाहेर. दहा-पंधरा मिनिटं, जवळ बसून. अंग पुसून लगेच ऊबदार हाइडमध्ये. दिवसातून एकदा, दोन-तीन दिवस. बऱ्याचदा पाण्यातच शी होते.

तोंडात तेल सोडायचं नाही. ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते आणि ती शी अडण्यापेक्षा वाईट. माणसांचं रेचक नाही, पोट दाबून चोळणं नाही. तोंड उघडून किडा कोंबणंही नाही: थंड किंवा पाणी कमी झालेल्या शरीरात अन्न ढकललं तर ते आत कुजतं, आणि जबडा मऊ असेल तर मोडतो.

शीची तपासणी

इथून पुढे डॉक्टरांचं काम, पण नमुना तुम्हाला नीट न्यायचाय. शक्य तितकी ताजी शी, छोट्या बंद डबीत, सुकू नये म्हणून ओल्या कापसाच्या बोळ्यासोबत. लगेच जमत नसेल तर फ्रिजमध्ये, २४ तासांच्या आत, फ्रीजरमध्ये नाही. टाकीत दोन गेको असतील तर आधी वेगळे करा, नाहीतर शी कुणाची हे कळणार नाही. तसंही दोघांना एकत्र ठेवलं की दबलेला एकजण उपाशीच राहतो.

सूक्ष्मदर्शकाखाली सूत्रकृमी (दोऱ्यासारखे जंत) आणि कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशी परजीवी) दिसतात. थोडे सूत्रकृमी बऱ्याच गेकोंमध्ये असतात, सगळ्यांनाच औषध लागत नाही. जंताचं औषध अंदाजाने घरी देऊ नका, मात्रा ग्रॅमवर ठरते. खरी भीती क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशी परजीवीची. शेपूट काडीसारखं होत जातं, ओकाऱ्या होतात, खाऊनही वजन उतरतं. साध्या तपासणीत तो निसटतो, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी) चाचणी लागते, आणि जंतू रोज बाहेर पडत नसल्याने एका ‘निगेटिव्ह’वर निर्धास्त होता येत नाही. त्यावर आजवर खात्रीचा इलाज नाही. तो ब्लीचनेही मरत नाही. संशय असेल तर त्या गेकोची भांडी, चिमटे, हाइड वेगळे ठेवा, त्याची साफसफाई सगळ्यांत शेवटी करा आणि त्याच्या टाकीतून परत आलेला किडा दुसऱ्याला घालू नका. हात साबणाने धुवाच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शीतून माणसाला साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होतो.

कधी थांबायचं

वजन दहा टक्के उतरलं, पिल्लाने आठवडाभर खाल्लं नाही, ऊब दुरुस्त करून दोन आठवडे झाले आणि वजन उतरतंच आहे, तीन दिवस कोमट पाणी देऊनही शी नाही, दोनदा ओकला, मादीचं पोट फुगलंय, सारखी उकरतेय आणि अंडी येत नाहीत. यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर थांबा. आतडं तुंबलंय की अंडं अडकलंय हे बाहेरून हात लावून ठरत नाही, त्याला एक्स-रे लागतो. अंग थरथरत असेल तर कॅल्शियमचं इंजेक्शन लागतं. त्या टप्प्यावर पावडर वाढवून भागत नाही.

आधी फोन करून डॉक्टर सरपटणारे प्राणी बघतात का ते विचारा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बघत नाहीत. जाताना वजनाची वही, टाकीचा फोटो, दोन्ही बाजूंचं मोजलेलं तापमान, वापरत असलेल्या पावडरींचे डबे आणि शीची डबी न्या. गेको छोट्या डब्यात, हवेला भोकं, खाली टिश्यू. बाहेर गारठा असेल तर डब्याला बाहेरून कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली लावा. जायच्या आदल्या रात्री काही खायला घालू नका.